उंची कुणाच्या मापाची?

(वसई-विरार परिसरातल्या ब्युटी पार्लर, स्पा आणि मालिश व्यावसायिकांच्या मेळाव्यातलं अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षपद दिल्याबद्दल आभार. माझ्यापेक्षा योग्य माणसं सभागृहात बसली आहेत असं म्हणायची पद्धत आहे. ते म्हणून झालं, आता पुढे जाते.

संयोजकांनी मला विषय दिलाय 'व्यवसायाचा आढावा'. तो थोडक्यात असा. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर अशा चार नगरपालिका होत्या, तेव्हा आपल्याकडे पार्लर म्हणजे एखाद्या ताईच्या घराची पुढची खोली. 2009 मध्ये महानगरपालिका झाली, 2014 मध्ये पालघर जिल्हा झाला, चाळींच्या जागी टॉवर आले. त्याच 2014 साली अर्बनक्लॅप नावाची कंपनी निघाली. 2020 पासून ती अर्बन कंपनी म्हणवते. मोबाइलवर बोट टेकवलं की मालिशवाली दारात हजर, याची ग्राहकाला सवय झाली ती या कंपनीपासून. परवाने, जीएसटी, पोलिसांची विचारपूस, बाहेरगावहून आलेल्या मुलींची राहायची सोय, यावर दुपारच्या सत्रात जाणकार बोलणारच आहेत. आढावा संपला.

आता मी माझं बोलते.

काल इथे परिसंवाद झाला, 'पोर्टेबल बेड की फिक्स बेड?' मी मागच्या रांगेत बसून अख्खा ऐकला. पोर्टेबलवाले म्हणाले, गाळ्याचं भाडं परवडत नाही, बेड घडी करून भिंतीला लावला की त्याच जागेत मेकअपची खुर्ची मांडता येते, शिवाय घरी जाऊन दुप्पट दर घेता येतो. फिक्सवाले म्हणाले, घडीच्या बेडवर धंद्याचं बस्तान बसत नाही, तो जरा करकरला की ग्राहक दचकतो. ग्राहकाला काय आवडेल, ग्राहक काय म्हणेल, ग्राहक फोटोत काय बघेल, यातच परिसंवाद संपला. ग्राहक बेडवर तासभर झोपतो आणि घरी जातो. जी त्याच्याशेजारी दिवसभर उभी असते, तिच्याविषयी काल एकही वाक्य कानावर आलं नाही. गेली कित्येक वर्षं अशा मेळाव्यांत ते येतच नाही, आणि आज माइक माझ्या हातात आहे.

मी हे काम शिकले आत्याकडून. ती आगाशी, अर्नाळा, नंदाखाल या बाजूला बाळंतिणींना तेल लावायला जायची आणि मला शेगडी धरायला बरोबर न्यायची. बाज असायची ती शेकासाठी. खाली निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा. पण तेल ती बाजेवर कधी लावायची नाही. बाजेची सुंभं खाली जातात, हाताचा जोर अंगाला न लागता सुंभांना लागतो, असं तिचं म्हणणं. चटई जमिनीवर, बाळंतीण चटईवर आणि आत्या पाटावर. एका मोठ्या वाड्यातल्या सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे सून खाली झोपत नाही, पलंगावरच लाव. आत्याने तेलाची वाटी उचलली आणि पायात चपला घातल्या. सासूबाईंनी मुकाट्याने चटई अंथरली.

काम कशावर करायचं हे काम करणारी ठरवायची. आज ते मालक ठरवतो, इंटिरिअरवाला ठरवतो, नाही तर ऑनलाइन विकणारा ठरवतो. माझं भांडण एवढंच आहे.

धंद्याच्या दोन्ही रीती आपल्याकडे जुन्याच आहेत. तानसेच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. कुंड जागचं हलत नाही, सांधे धरलेली माणसं तिथवर जातात. आणि बाळंतीण घर सोडत नाही, तिच्याकडे बाई जाते. त्यामुळे एक रीत खरी आणि दुसरी खोटी, असं मला कुणी सांगू नये. मी विचारते ते दोन्हीकडे एकच: उंची कुणाच्या मापाची आणि ओझं कुणाच्या खांद्यावर?

आधी उंची. बेडशेजारी ताठ उभ्या राहा, हात सैल सोडा, मूठ मिटा. मूठ जिथे टेकते, ती साधारण तुमच्या मालिशच्या बेडची उंची. ग्राहक अंगाने भरलेला असेल तर बेड थोडा खाली हवा. गरोदर बाईला कुशीवर झोपवलं तर आणखी खाली, कारण कुशीवरचं अंग वर येतं. चांगल्या मालिशचा दाब मनगटातून येत नाही. तो पायांतून निघतो, कमरेतून खांद्यात जातो आणि तिथून तळहातात उतरतो. बेड उंच असला की हे वजन उतरतच नाही. मग मुलगी खांदे चढवते, अंगठ्याने रेटते, आणि काही वर्षांत तिला डब्याचं झाकण उघडत नाही. बेड बुटका असला की कंबर जाते. वॅक्सिंगला बारीक नजर लागते, तिथे बेड वर हवा. फेशियल बसून करायचं काम, तिथे गुडघे बेडखाली शिरायला हवेत. आता तुमच्या देखण्या फिक्स बेडखाली टॉवेल ठेवायला कप्पे केलेत. गुडघे कुठे घालायचे? ती बिचारी तिरकी बसते, मान वळवून काम करते, आणि मालक म्हणतो स्टोरेज छान झालं.

वसईत एका ठिकाणी सागवानाचा, कोरीव पायांचा बेड होता. वजन इतकं की फरशी पुसायलाही तो कुणी हलवला नाही. तिथली मुख्य थेरपिस्ट उंचीने लहान. तिने पायाखाली पाट मागितला, तर उत्तर मिळालं, ग्राहकासमोर पाटावर उभी राहिलीस तर स्पाची शोभा जाईल. मुलगी टाचा उचलून काम करायची. हात असा की लोक मुंबईहून तिच्यासाठी यायचे. आज ती मालिश करत नाही. विरारला एका दुकानात काउंटरवर आहे. सागवान शाबूत आहे.

म्हणजे पोर्टेबल बरा? त्याचे पाय लांब-आखूड होतात हे खरं. पण कसे? लाकडी बेड आडवा पाडायचा, प्रत्येक पायाच्या खिट्ट्या सैल करायच्या, भोकं जुळवायची, पुन्हा आवळायच्या. ॲल्युमिनियमच्या पायांना बटणं असतात, तरी चारही पाय सारखे करावेच लागतात. दोन ग्राहकांच्या मधल्या दहा मिनिटांत चादर बदलायची, तेल कोमट करायचं, पाणी प्यायचं, की पाय जुळवायचे? पहिल्या दिवशी विकणाऱ्याने जी उंची लावून दिली, तीच बेड मोडेपर्यंत राहते. पायाने पंप मारून वर-खाली होणारा हायड्रॉलिक बेड मात्र डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात माझ्या मापाचा होतो. कालचा वाद मी असा सोडवते: गाळ्यात बसून धंदा करायचा असेल, तर उंची बदलणारा फिक्स बेड घ्या. एकाच उंचीला गोठलेला बेड, मग तो कितीही महाग असो, तो फर्निचर आहे, अवजार नाही.

मोटारीच्या बेडबद्दल विचाराल, तर मोटार झकास, पण आपल्याकडे जूनपासून वीज कधी जाईल याचा नेम नसतो. एका आजीबाईंना वर चढवून ठेवल्यावर वीज गेली, तेव्हा त्यांना दोघींनी धरून स्टुलावरून उतरवलं. आजी हसत होत्या म्हणून निभावलं. हाताने खाली घेण्याची सोय नसलेला मोटारीचा बेड घेऊ नका.

आता ओझं. हलका ॲल्युमिनियमचा बेडही दहा-बारा किलोच्या घरात जातो, लाकडी पंधराच्या वर. त्यात चादरी, टॉवेल, तेलाच्या बाटल्या, गरम करायचं भांडं. हे घेऊन आपली मुलगी विरारला सकाळची लोकल पकडते. महिला स्पेशल 1992 मध्ये चर्चगेट-बोरिवली सुरू झाली, वर्षभरात विरारपर्यंत आली. पण त्या गाडीतही घडीचा बेड घेऊन चढणारीला जागा देणारं कुणी नाही, आणि का द्यावी? तिथे उभ्या बायकांनाच श्वास घ्यायला जागा नसते. लगेजच्या डब्यात चढली तर पुरुषांच्या गर्दीत एकटी. उतरल्यावर जिना, रिक्षा, मग सोसायटीचा वॉचमन सांगतो, सामान घेऊन मागच्या लिफ्टने जा, आणि मागची लिफ्ट बंद. चौथ्या मजल्यावर पोचल्यावर तिने हसतमुखाने नव्वद मिनिटांची डीप टिश्यू मालिश द्यायची. काल एका बंधूंनी सांगितलं की पोर्टेबलमुळे मुली स्वतंत्र झाल्या. त्यांनी एकदा तो बेड खांद्याला अडकवून विरारचा पूल चढून दाखवावा, मग स्वातंत्र्यावर बोलू.

2021 च्या ऑक्टोबरमध्ये गुरुग्रामला अर्बन कंपनीच्या कार्यालयाबाहेर ब्युटिशियन बायकांनी निदर्शनं केली. तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः कमिशनची आणि रेटिंगची. ती व्हायलाच हवी. पण ओझ्याचा हिशेब आपण आपल्या दरपत्रकात तरी कुठे लिहितो? मी तो लिहायला लागले. घरी येऊन मालिश, एवढे. बेड आणायचा तर वाहनखर्च वेगळा, एवढा. पहिल्या महिन्यात ग्राहक कुरकुरले. मग अर्ध्यांनी सांगितलं, ताई, आमच्याकडे गादी आहे, जमिनीवर चालेल का? मी म्हटलं, पळेल. आत्याची चटई परत आली आणि माझ्या मुलींचे खांदे सुटले.

कालचे बाकीचे वाद पटकन मिटवते. शिरोधारा किंवा पिझिचिल असे तेलाची धार सोडायचे उपचार घडीच्या बेडवर करू नका. तेल प्लायवूडमध्ये मुरतं, फोमला वास धरतो. त्यासाठी लाकडाची द्रोणीच हवी, तेल वाहून जायला पन्हळ असलेली. राजोडी, कळंब, अर्नाळ्याच्या रिसॉर्टवर पोर्टेबल नेणाऱ्यांनी दर पंधरवड्याला बिजागऱ्या आणि खालच्या तारा तपासाव्यात, खारं वारं लोखंडाला सोडत नाही. बेडवर लिहिलेलं वजन नीट वाचा. नुसतं निजलेल्या माणसाचं वजन वेगळं आणि वरून तुम्ही जोर लावल्यावरचं वेगळं, विकणारे मोठा आकडा ठळक छापतात. पाणी भरलं की फिक्स बेड वाचत नाही, हे तळमजल्याचा गाळा असणाऱ्यांचं म्हणणं मात्र मला मान्य आहे. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपाऱ्यात पाणी भरलं, तेव्हा घडीचे बेड माळ्यावर चढले आणि फिक्सचं प्लाय फुगलं. अशा गाळ्यात लोखंडी सांगाडा करून घ्या. वालीव, सातिवलीला वेल्डिंगचे गाळे आहेत, तुमच्या मापाचा सांगाडा बनवून मिळेल. जागेचंही सांगते. बेड सव्वासहा फूट बाय अडीच. दोन्ही बाजूंना आणि डोक्याशी अडीच-अडीच फूट फिरायला हवं. म्हणजे पावणेनऊ बाय साडेसात. त्याहून कमी जागेत बेड भिंतीला चिकटवता, तेव्हा तुमची मुलगी पलीकडचा खांदा ग्राहकावरून ओणवी होऊन करते.

मला म्हणतात, ताई, एवढ्याशा धंद्यात कायदेकानू कशाला आणता? 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 34 होतं: इजा होईल इतकं वजन कुणालाही उचलायला लावायचं नाही. तो कारखान्याचा कायदा, आपण गाळेवाले. बरं, गाळेवाल्यांचंही ऐका. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानात उभं राहणाऱ्या कामगारांना बसायची सोय देणं सक्तीचं केलं. कोझिकोडच्या कापडदुकानांतल्या बायका त्यासाठी वर्षानुवर्षं भांडल्या. साडी दाखवणाऱ्या बाईला स्टूल मिळतं आणि पाठ रगडणाऱ्या बाईला पाट मिळत नाही? सरकारने सांगायची वाट कशाला बघायची? स्टूल तीन-चारशे रुपयांत येतं.

माझ्या कारकिर्दीत आपण काही कामं हाती घेऊ. प्रत्येक सभासदाच्या गाळ्यात उंचीचा तक्ता लागेल. घरपोच सेवेचं एक समान दरपत्रक होईल, त्यात वाहनखर्चाचा रकाना वेगळा. मनगट, अंगठा आणि कंबर दुखून काम सोडलेल्या मुलींची नोंद ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी परिसंवादात कुणी तोंडाला येईल ते बोलणार नाही. यासाठी एक समिती नेमू. तिची नावं, कामाची विभागणी आणि पैशांची सोय कार्यकारिणी बसून ठरवेल.

जेवायची वेळ झाली. शेजारच्या हॉलमध्ये बेडचे स्टॉल लागले आहेत, जेवणाआधी तिकडे जा. मालकांनो, आपल्या थेरपिस्टला बरोबर घ्या आणि तुम्ही मागे उभे राहा. विकणारा म्हणेल, मॅडम, झोपून बघा, किती मऊ आहे. कुणीही झोपू नका. त्यालाच म्हणा, भाऊ, तू झोप. मग शेजारी उभ्या राहा, मूठ टेकवा आणि त्याच्या पाठीवर पाच मिनिटं जोर लावून बघा. तुमचे खांदे चढले तर तो बेड तिथेच ठेवा, दर कितीही पाडला तरी. आणि वजन विचारू नका. त्याला सांगा, घडी कर आणि हॉलच्या जिन्यापर्यंत उचलून ने. मग भाव विचारा.