मुलांचें गायन आणि विचारशक्ति



आजच्या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाच्या गायनवर्गाविषयीं चार शब्द बोलण्याची अनुज्ञा मागतों. "मुलें गाण्यांत वेळ दवडितात, त्यापेक्षां अभ्यास करतील तर बरें," असें कित्येक आईबाप मला सांगतात. माझें म्हणणें असें कीं, गायन हाहि अभ्यासच आहे. किंबहुना, स्वतः विचार करण्याचा तो उत्तम अभ्यास आहे.

सुमारें हजार वर्षांपूर्वीं इटली देशांत ग्विदो नांवाचा एक मठवासी होऊन गेला. त्या काळीं मुलें गुरूच्या तोंडून ऐकूनच स्तोत्रें पाठ करीत. वर्षानुवर्षें घोकलें तरी गुरूवांचून नवें स्तोत्र त्यांना म्हणतां येत नसे. ग्विदोनें रेषांवर स्वर मांडण्याची पद्धति सुधारली. पोप एकोणिसावे योहान (१०२४–१०३२) यांनीं त्याला रोमला बोलावून घेतलें आणि पूर्वीं कधीं न ऐकलेला एक चरण स्वतः वाचून गाऊन पाहिला, तेव्हां त्यांची खात्री पटली. ऊत, रे, मी, फा, सोल, ला हीं स्वरनामें त्यानेंच योहान बाप्तिस्ताच्या एका लातिन स्तोत्रावरून घेतलीं. विद्यार्थी आतां आपल्या डोळ्यांवर, कानांवर व बुद्धीवर विसंबूं लागला.

हीच विद्या पुढें गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांना मिळाली. तिच्या बळावर तेथील कित्येक वादक मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत समोरचें पान पाहतांच वाजवीत.

आतां माझाच अपराध सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं सरावाच्या वेळीं एक दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "फादर, तुम्ही येथें स्वर चढवितां, पुस्तकांत तर तो उतरतो." मीं त्याला उद्धट म्हणून गप्प बसविलें. रात्रीं पेटीवर ताडून पाहिलें, तों मुलाचेंच खरें! सेमिनरींत जसा कानीं पडला, तसाच तो स्वर मी तीस वर्षें चुकत आलों होतों. पुढच्या रविवारीं सर्वांसमक्ष मीं त्याची क्षमा मागितली. तेव्हांपासून वर्गाचा नियम असा: मुलानें चूक दाखविली, तर प्रथम पुस्तक उघडावें, मग उत्तर द्यावें. कधीं मुलगा चुकलेला निघतो, कधीं मी. पण पारखण्याची संवय दोघांनाहि लागते.

सर्व गोष्टी पारखून घेण्याचा उपदेश संत पौलानेंहि थेस्सलनीकरांस केला आहे. तेव्हां आईबापांनो, मुलांना गायनवर्गास अवश्य पाठवा. आणि एखाद्या दिवशीं त्यांनीं घरीं आपली चूक दाखविली, तर रागावण्यापूर्वीं आपणहि पुस्तक उघडून पाहा.

परमेश्वर आपणां सर्वांचें कल्याण करो.