सलाईनचं चाक



२०१८ सालच्या पावसाळ्यात जुलाब-उलट्यांनी बेजार झालेल्या आमच्या अम्माला दवाखान्यात ठेवावं लागलं. वय पंच्याहत्तरीच्या पुढचं, त्यात जुना मधुमेह. उजव्या पंजाच्या मागच्या शिरेत सुई घालून सलाईन लावलं होतं. रात्री दोनच्या सुमारास पाहिलं, तर थेंब फार संथ पडत होते. अशानं बाटली सकाळपर्यंत संपायची नाही, असं वाटून मी नळीवरचं ते छोटं चाक अंगठ्यानं थोडं फिरवलं. थेंब भराभर पडू लागले. काहीतरी केल्याचं समाधान घेऊन मी कॉटशेजारी चटईवर आडवा झालो.

पहाटे पाहतो तो अम्माचा हात बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत फुगलेला. कातडी ताणून चकचकीत झालेली, हाताला गार लागणारी. ‘‘अगं, मला उठवायचं नाही का?’’ म्हटलं, तर म्हणाली, ‘‘दवा तो जा रही थी ना, बेटा.’’

दवा जात होती खरी, पण शिरेबाहेर. म्हाताऱ्या माणसांच्या शिरा नाजूक असतात. मनगट हललं, की आतली बारीक नळी सरकते, शिरेला भोक पडतं आणि सलाईन आजूबाजूच्या मांसात झिरपू लागतं. हात गार लागतो तो त्यामुळेच. बाटलीतलं पाणी खोलीइतकंच गार असतं. थेंब मंदावणं ही बरेचदा याची पहिली सूचना असते. मी ती सूचना चाक फिरवून पुसून टाकली होती आणि पाणी आणखी आत ढकललं होतं.

घाबरून मी तिचा हात चोळू लागलो. शेजारच्या कॉटवरच्या बाईंनी खोबरेल तेल पुढे केलं. तेवढ्यात सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘काका, चोळू नका.’’ चोळल्यानं आधीच ताणलेली कातडी आणि दुखावलेली शीर आणखी दुखावते. त्यांनी सलाईन बंद केलं, सुई काढली, कोरडा कापूस दाबून धरला. मग हाताखाली दोन उशा दिल्या. पंजा छातीपेक्षा उंच राहायला हवा, म्हणजे साचलेलं पाणी उताराला लागतं. बोटं हलकेच मिटायची, उघडायची. बस्स, एवढंच. साधं मिठाचं पाणी असेल तर शरीर ते आपोआप शोषून घेतं. सूज बहुधा दोन-तीन दिवसांत उतरते. त्या हाताला तोवर पुन्हा सुई नको, रक्तदाबाचा पट्टाही नको.

शेकाचं मात्र विचारून करावं. गरम की गार, हे बाहेर झिरपलेलं औषध कोणतं, यावर ठरतं. सुई काढल्यानंतर शीर लाल, गरम, दोरीसारखी कडक लागत असेल तर ती शिरेला आलेली सूज. तिला कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याचा शेक पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, असा आराम देतो. हा कडकपणा जायला काही आठवडेही लागतात. त्यानं घाबरू नये. मधुमेह्यांच्या हाताला चटका कळेलच असं नाही, म्हणून फडकं आधी आपल्या हातावर ठेवून पाहायचं. अम्माला तर ‘गरम आहे का’ विचारलं, की ती ‘नाही’च म्हणायची.

काही औषधं मात्र मांसात उतरली तर जाळतात. कर्करोगाची काही औषधं, कॅल्शियम यांसारखी. तिथं घरचा कुठलाही उपाय नको. सलाईन थांबवून ताबडतोब डॉक्टरांना बोलवायचं. फोड येणं, बोटं बधिर किंवा निळी-पांढरी पडणं, असह्य ठणका, वर चढत जाणारी लाली, पू, ताप, यांतलं काहीही दिसलं तरी उद्यावर ढकलू नये.

जाता जाता एक. ‘अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा’ असा आग्रह आपण डॉक्टरांकडे धरतो. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ज्याला तोंडानं पिता येतं, त्यानं एवढ्यासाठी हात कशाला टोचून घ्यायचा?

पण मला सांगायचं होतं ते अंगठीचं. अम्माच्या त्याच हातात चांदीची अंगठी होती, अब्बांनी निकाहानंतर दिलेली. सुई लावण्यापूर्वीच बांगड्या-अंगठ्या काढायच्या असतात, हे मला ठाऊक नव्हतं. आता ती बोटात रुतली होती. सिस्टर म्हणाल्या, बोट निळं पडायला लागलं तर कापावी लागेल. अम्मानं मूठ वळायचा प्रयत्न केला, वळेना.

हात उंच धरून थोडा वेळ थांबलो. सिस्टरांनी साबणाचं पाणी लावलं, दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून ओवलं, उरलेला दोरा बोटाच्या पेरापर्यंत घट्ट वेढे देत गुंडाळला आणि खालच्या टोकानं एकेक वेढा सोडवत आणला. अंगठी वेढ्यांवरून तसूतसूनं सरकत बाहेर आली. अम्मानं डोळे मिटून घेतले होते. सिस्टरांनी ती कापसात गुंडाळून माझ्या खिशात घातली. चाकाचं मी त्यांना तेव्हा सांगितलं. ‘‘सगळेच फिरवतात, काका,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पुढच्या वेळी फक्त हाक मारा.’’

घरी आल्यावर आठव्या दिवशी अम्मानं अंगठी मागून घेतली. बोट आता इतकं बारीक झालं होतं, की ती गळून पडायची. मग तिनं आतल्या बाजूनं दोऱ्याचे वेढे दिले आणि घातली.