पोलीसभरती आणि रहिवासाचा दाखला



पहाटे पाचाला आपल्या गावच्या मैदानावर जी मुले-मुली धावताना दिसतात, त्यांच्याविषयी आज आम्ही बोलणार आहोत. २०२४ साली महाराष्ट्रात पोलिसांच्या १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे शंभरांत एक. मैदानी चाचणीचे ५० गुण, लेखी परीक्षेचे १००. इथवरचा हिशेब उमेदवाराच्या हातचा. छाती फुटेस्तोवर धावले तर दोन गुण वाढतात. पुढचा हिशेब मात्र त्याच्या हातचा नाही.

एका पदासाठी अर्ज एकाच जिल्ह्यात करायचा. तो कोणता? आपल्या प्रवर्गाच्या जागा कुठे अधिक, गर्दी कुठे कमी, याचे ठोकताळे चहाच्या टपरीवर बांधले जातात. ते चुकले की ज्या गुणांवर शेजारच्या जिल्ह्यात सोबती गणवेश चढवतो, त्याच गुणांवर हा घरी परततो. मग तो चिडतो, आणि चिडून बहुधा दुसऱ्याच्या जातीला शिव्या घालतो. ते सोपे असते.

प्राधान्य नकोच, असे आमचे म्हणणे नव्हे. गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया जाणणारा, तिथलाच शिपाई हवा, हे कोणीही मान्य करील. दुभाष्यावाचून फिर्याद ऐकता यावी, ही त्या नोकरीचीच गरज आहे. पण रहिवासाची सरसकट अट ही वेगळी गोष्ट. सरकारी नोकरीत केवळ निवासावरून भेद करू नये, असे घटनेचे १६ वे कलम सांगते. अपवाद करायचाच तर तो संसदेने. १९५७ साली संसदेने कायदा करून राज्याराज्यांतल्या अशा अटी काढल्या, थोडे प्रदेश तेवढे वगळले. राजस्थानात शिक्षकभरतीत स्थानिकांना दिलेले जादा गुण सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अवैध ठरवले. तरी आपल्याकडे अधिवासाचा दाखला लागतोच.

तो मागावा की नाही, हा वाद वकिलांवर सोपवू. आम्हांला दिसते ते एवढेच, की बाहेरच्याला अडवायला बांधलेल्या या कुंपणात आपलाच माणूस अडकतो. बीडच्या ऊसतोड कामगाराचे बिऱ्हाड निम्मे वर्ष कोल्हापूर-सांगलीच्या फडावर असते. पोराची शाळा दोन-तीन ठिकाणी झालेली, जन्मतारीख एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरी. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातच राबलेल्या बापाच्या मुलाने आपण इथलेच, हे तहसील कचेरीत सिद्ध करीत बसायचे!

बरे, सगळे कागद हाती असले म्हणजे सुटका होते का? उत्तर प्रदेशातली २०१३ ची भरती पाहा. जागा ४१,६१०. खुल्या वर्गातून निवडल्या गेलेल्या शेवटच्या महिलेचे गुण २७४.८२. इतर मागासवर्गातल्या एका मुलीचे २७६.५९, आणि तरी ती बाहेर! खुल्या जागा म्हणजे जणू निराळ्याच एका जातीच्या, असे खात्याने धरले होते. खुली जागा सर्वांना खुली, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी दिला. आधी लागलेल्यांना हात लावू नका, पण २७४.८२ च्या वर गुण असूनही वगळलेल्या अशा सर्व मुलींना नेमा, असा हुकूम झाला. तोवर सात वर्षे गेली होती.