हेमाडपंती म्हणजे किती जुने?
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



देऊळ किती जुने, असे पाहुण्याने विचारले की आपण झटकन सांगतो, "हेमाडपंती!" जास्त ऐट करायची असली तर "पांडवकालीन!" पांडवांवर सोडले की पुढचा प्रश्नच मिटला. वाईजवळच्या किल्ल्याचेही नाव पांडवगडच.

हेमाडपंत मात्र खरा माणूस. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दप्तराचा प्रमुख. काळ तेरावे शतक. पण अंबरनाथचे देऊळ शके ९८२ चे, म्हणजे सन १०६० चे. हेमाडपंताच्या दोनशे वर्षे आधीचे, तरी तेही हेमाडपंतीच म्हणवते! तेव्हा या शब्दातून साल निघत नाही. निघते ती बांधणी : घडीव दगडावर दगड, मध्ये चुना नाही, सारे वजनावर आणि खाचांवर उभे. सज्जनगडाच्या पायथ्याशी परळीचे जुने देऊळ पाहून या.

अंबरनाथचे साल कळले ते तिथल्या दगडावरच्या लेखावरून. म्हणूनच गाभाऱ्याला ऑइलपेंट देण्याचे ठरत आले तेव्हा मी आडवा आलो. काहींना राग आला, तो साहजिक होता. पण रंगाखाली टाकीच्या खुणा बुजतात. एखादी अक्षरांची ओळ असलीच तर तीही जाते, आणि मग आपल्या देवळाला पांडवांशिवाय वाली उरत नाही.

रंगासाठी आलेली रक्कम समितीने सभामंडपाच्या फरशीला लावली. त्या देणगीदारांची मी इथेच क्षमा मागतो.