मूल जिथे अडतं तिथून

उन्हाळ्याच्या व्याख्यानांत साहित्य-संगीताची अपेक्षा असते. मी मात्र वाचता न येणाऱ्या मुलांबद्दल बोलणार आहे, कारण ती इथून लांब नाहीत. आपल्या मयूर विहार फेज वनला लागूनच त्रिलोकपुरी आहे. २०१६ साली दिल्ली सरकारने आपल्या शाळांत चाचणी घेतली, तेव्हा सहावीतल्या जवळपास तीन-चतुर्थांश मुलांना स्वतःच्या हिंदी पुस्तकातला परिच्छेद वाचता आला नाही. सहावीतल्या!

हे फक्त दिल्लीचं दुखणं नाही. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला नव्हता. वर्ग पुढे सरकतो, पाठ पुढे सरकतो आणि मूल मागे राहतं. अशी मुलं फळ्यावरचं अक्षर सुबक उतरवतात. वही भरलेली दिसते, म्हणून घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ताच लागत नाही.

मुंबईत नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने यावर साधा मार्ग काढला. मुलाची इयत्ता बाजूला ठेवायची आणि त्याला अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट यांपैकी काय वाचता येतं ते पाहायचं. जिथे अडतं तिथून शिकवायचं. दिल्लीत २०१८ साली ‘मिशन बुनियाद’ याच धर्तीवर झालं. पातळीनुसार गट करण्यावर टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. गट दिवसातल्या तासा-दोन तासांपुरता असावा, मूल पुढे गेलं की लगेच बदलावा. नाहीतर ‘कच्चा’ हा शिक्का कपाळी बसतो आणि मूल तो खरा करून दाखवतं.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते फलटणच्या कामानं. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ. त्या फलटणला आल्या आणि भारताच्या नागरिक झाल्या. १९८६ साली तिथे कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. बर्नसन यांनी ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी वर्णमाला आधी घोटून घेण्याचा हट्ट सोडला. थोडी अक्षरं आणि एक-दोन स्वरचिन्हं एकत्र द्यायची. समजा म, र, घ, क ही चार अक्षरं, काना आणि दुसरी वेलांटी दिली. एवढ्यात ‘मीरा, घरी काम कर’ हे वाक्य तयार होतं! मुलाने अर्थ असलेलं काहीतरी वाचलं. दोन वर्षं नुसती बाराखडी म्हणणाऱ्या मुलाला हा आनंद कधी मिळतच नाही.

आपली लिपी उच्चाराला बरीच प्रामाणिक आहे, पण तिचे काही अडथळे आहेत. ‘दि’मधली वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. ‘र’ तर ‘सूर्य’मध्ये डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पोटात शिरतो, ‘ट्रक’मध्ये पायाशी जातो. हे एकाच आठवड्यात शिकवू नका.

लेखनासाठी मुलाचंच बोलणं घ्या. “आज यमुनेकाठी चिल्ल्याच्या खादरात म्हशी पाहिल्या,” असं ते म्हणालं, तर तेच वाक्य त्याच्या शब्दांत लिहून द्या, त्याच्याकडून वाचून घ्या, मग त्यालाच पुढचं लिहू द्या. त्रिलोकपुरीतलं मूल हे हिंदीत सांगेल, तर हिंदीतच लिहा. चुकांतली एक निवडा आणि तेवढीच दुरुस्त करा. लाल शाईने माखलेलं पान मिळालं की मूल दुसऱ्या दिवशी दोनच ओळी लिहितं.

नीट शिकवूनही काही मुलं अडखळतात. तेव्हा आळशी म्हणू नये, आणि आपणच डिस्लेक्सियाचं निदानही करू नये. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ ही चाचणी मराठी आणि हिंदीतही तयार केली आहे. मुलाची तपासणी ते ज्या भाषेत शिकतं तिच्यातच व्हायला हवी. केवळ इंग्रजीतल्या चाचणीवर विसंबून निष्कर्ष काढू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, हे शाळेला सांगायला संकोचू नका.

दिल्लीच्या शाळा जुलैत उघडतील. इथे निवृत्त मंडळी बरीच आहेत. ज्यांना या मुलांसाठी रोज संध्याकाळी अर्धा तास देता येईल त्यांनी सभेनंतर दाराजवळच्या टेबलावर नाव लिहावं. पहिल्या दिवशी शिकवायचं नाही. मूल काय वाचतं तेवढं ऐकून घ्यायचं.