शिखरावरून चार उत्तरे

श्रोतेहो, दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबर महिन्यातील एक संध्याकाळ. पुण्यातील आमच्या घराच्या गच्चीवरील खोलीत, कानांना हेडफोन लावून, मी साडेसहा वाजल्यापासून एका गृहस्थाची वाट पाहत बसलो होतो. हे गृहस्थ माझ्या ओळखीचे नव्हते. ते माझ्यापासून सुमारे साडेसात हजार किलोमीटरांवर, स्कॉटलंडातील बेन मॅकडुई नावाच्या डोंगरावर चढत होते, किंवा चढत असावेत. तेथे तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. दोनच्या सुमारास शिखरावर पोहोचून १४ मेगाहर्ट्झच्या आसपास मोर्सच्या भाषेत पुकारा करीन, अशी वर्दी त्यांनी आदल्या दिवशी दिली होती. सात वाजले, साडेसात वाजले. घरातून जेवणाची हाक दोनदा येऊन गेली. त्या ठिकाणी खरखरीवाचून काहीच ऐकू येईना.

हा काय प्रकार आहे, हे आधी सांगावयास हवे. हौशी बिनतारी संदेशवहन, ज्याला लोक 'हॅम रेडिओ' म्हणतात, ते आपल्या देशात परवाना घेऊन कोणालाही करता येते. मी मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत मास्तर झालो तो निवृत्त होईपर्यंत मास्तरच राहिलो. निवृत्तीनंतर परीक्षा दिली. मिनिटास आठ शब्दांच्या वेगाने मोर्स घेता-देता येण्यासाठी सहा महिने घरच्यांचे कान किटवले, तेव्हा परवाना हाती पडला. या छंदात एक शाखा अशी आहे की, तिच्यात नुसते बोलून भागत नाही. सेट पाठीवर घेऊन डोंगराचा माथा गाठावा लागतो. 'समिट्स ऑन द एअर' हे तिचे नाव. २ मार्च २००२ रोजी इंग्लंड व वेल्समध्ये तिचा आरंभ झाला आणि पुढे ती अनेक देशांत पसरली.

तिचे नियम मला एखाद्या चांगल्या मैदानी खेळाच्या नियमांसारखे वाटतात; थोडके पण कडक. मोटारीने माथ्यापर्यंत जाऊन चालत नाही. शेवटची चढण स्वतःच्या अंगबळावर चढली पाहिजे. सेट, बॅटरी, एरियल, सारे स्वतः वाहून न्यावयाचे. जनित्र चालणार नाही. माथ्यापासून उभ्या मापाने २५ मीटरांच्या आतच ठाण मांडावयाचे. आणि गुण पदरात पडावयाचे तर निदान चार निरनिराळ्या केंद्रांशी संभाषण झाले पाहिजे. तिघांनी उत्तर दिले आणि चौथा मिळाला नाही, तर दिवसभराची पायपीट होऊनही गुण शून्य. डोंगराच्या उंचीप्रमाणे एक ते दहा गुण मिळतात, आणि एका डोंगराचे गुण एका माणसाला वर्षातून एकदाच. असे एक हजार गुण झाले की त्याला 'माउंटन गोट', म्हणजे डोंगरबकरा, ही पदवी मिळते. घरी बसून शिखरांवरील लोकांना उत्तरे देणाऱ्यांसाठीही पदवी आहे. तिचे नाव 'शॅक स्लॉथ'. स्लॉथ हा दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात फांदीला उलटा लटकून दिवस कंठणारा महासंथ प्राणी होय. आमच्या घरी हे नाव कळल्यापासून माझी दुसरी ओळख कोणी करून देत नाही.

बेन मॅकडुईची उंची १३०९ मीटर. ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक बेन नेव्हिसचा, दुसरा याचा. आपल्यापैकी कोणी म्हणेल की, आमचे कळसूबाई १६४६ मीटर आणि महाबळेश्वर गावच मुळी या शिखराइतके उंच. त्यात एवढे काय? मीही प्रथम तसेच म्हटले होते. परंतु उंचीचा आकडा एकटा काही सांगत नाही. हा डोंगर ५७ अक्षांशावर आहे. त्याच्या माथ्याभोवती केर्नगॉर्म नावाचे विस्तीर्ण उघडे पठार पसरले आहे. झाड नाही, आडोसा नाही, धुके उतरले की दिशा नाही. शेजारच्याच केर्न गॉर्म शिखरावर २० मार्च १९८६ रोजी वाऱ्याच्या झोताचा वेग ताशी १७३ मैल नोंदला गेला. महाबळेश्वरास आपण स्वेटर घालून स्ट्रॉबेरी खातो. दोहोंची तुलना येथेच सोडून देऊ.

दक्षिणेकडून जावयाचे तर लिन ऑफ डी येथून निघतात. प्रथम सपाट वाटेने डेरी लॉजपर्यंत, मग लुइबेगच्या खोऱ्यातून स्रोन रीआख नावाच्या सोंडेवर, आणि तेथून दगडधोंड्यांच्या माथ्यावर. परतताना पुष्कळ लोक एटखाखन सरोवराकडून डेरीच्या खोऱ्यात उतरतात. सारे मिळून तीस किलोमीटरांच्या आसपास चाल होते. बहुतेक प्रवासी माथ्यावर पोहोचले की घोटभर चहा घेऊन निघतात. आमच्या बिनतारीवाल्याचे काम तेथे सुरू होते. तो मासे धरण्याच्या घडीच्या काठीसारखी काठी उभी करतो, दहा मीटर तार तिच्यावरून दोहों बाजूंना ताणतो, आणि दगडाआड बसून किल्ली दाबू लागतो. चढताना आलेला घाम एव्हाना थंड होऊ लागलेला असतो. हातमोजे घालून मोर्स नीट वाजत नाही. काढले तर बोटे बधिर होतात. थंडीने बॅटरीचा जोर उतरतो. चालत्या माणसाला थंडी मागून येऊन गाठते. बसलेल्याला ती समोरूनच येऊन भिडते.

आता त्या सेटाचे बळ किती? किलोभर वजनाचा सेट, आणि शक्ती पाच वॅट. देवघरात लावीत असू त्या जुन्या झिरोच्या दिव्यालाही याहून अधिक वीज लागे. एवढ्याशा बळावर आवाज पुण्यास येतो तो डोंगराच्या उंचीमुळे नव्हे. उंचीचा खरा उपयोग सरळ रेषेत जाणाऱ्या आखूड लहरींना. लांबचा पल्ला मारणाऱ्या लहरींना वर आयनांबराचा थर परतवून लावतो. या थरांच्या शोधाबद्दल अ‍ॅपल्टन यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माथ्यावरच्या माणसाला दुसरा लाभ असा की, तेथे विजेचा गोंगाट नसतो. त्याला दुबळ्यातला दुबळा आवाज ऐकू येतो. गोंगाट माझ्याकडे. शेजारचे इन्व्हर्टर आणि जिन्यातील स्वस्त दिवे यांनी माझ्या सेटात जो कोलाहल मांडलेला असतो, त्यातून स्कॉटलंडचे पाच वॅट वेचणे हे तांदळातून खडा नव्हे, खड्यांतून तांदूळ निवडण्यासारखे आहे.

त्या संध्याकाळी तांदूळ मिळालाच नाही. आठ वाजता मी सेट बंद केला आणि, खरे सांगतो, मला राग आला. वर्दी दिली होती ना? मग शब्द पाळावयास नको? जेवताना हे मी बोलूनही दाखविले. मग रात्री अंथरुणावर पडल्यावर, रागाची जागा भीतीने घेतली.

बेन मॅकडुईची एक जुनी गोष्ट प्रसिद्ध आहे. नॉर्मन कोली हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि नामांकित गिर्यारोहक. १८९५ मध्ये ममरी यांच्याबरोबर नंगा पर्वतावर गेलेल्या तुकडीत ते होते, आणि त्या स्वारीतून ममरी व दोन गुरखे परत आले नाहीत. हेच कोली १८९१ मध्ये मॅकडुईच्या माथ्यावरून धुक्यात एकटे उतरत असता त्यांना मागून कोणाची तरी पावले ऐकू आली, आणि ते मैलोन्‌मैल धावत सुटले. १९२५ मध्ये अ‍ॅबर्डीनच्या सभेत त्यांनी ही हकीकत स्वतः सांगितली. लोकांनी त्या पावलांना 'मोठा करडा माणूस' असे नाव दिले. मला त्या भुताचे भय वाटत नाही. भय वाटते ते १९७१ च्या नोव्हेंबरातील हकीकतीचे. एडिंबरो येथील शाळकरी मुले सहलीस याच पठारावर गेली होती. त्यांच्या दोन तुकड्या झाल्या. मागच्या तुकडीला बर्फाच्या वादळात पठारावरील निवाऱ्याची झोपडी सापडली नाही. दोन रात्री उघड्यावर काढाव्या लागल्या. पाच मुले आणि अठरा वर्षांची एक उमेदवार मार्गदर्शिका, असे सहा जीव गेले. पुढे १९७५ मध्ये ती झोपडीही काढून टाकण्यात आली. कारण आसरा आहे या भरवशावर लोक नको त्या हवेत पुढे जातात, असे अनेकांचे मत पडले.

श्रोतेहो, मी मास्तर होतो, म्हणून ही हकीकत मला निराळी लागते. मीही एकदा ऑक्टोबरअखेर सातवीची बावीस मुले घेऊन राजगडावरून तोरण्याच्या धारेने निघालो होतो. परतीच्या पावसाने वाट निसरडी झाली होती. दुपारी ढग खाली उतरले. तेथूनच मागे फिरावयास हवे होते, हे मला तेव्हाही कळत होते. परंतु वेल्ह्यास सहा वाजता गाडी येऊन उभी राहणार होती आणि पालकांना तसे सांगून ठेवले होते. सांगितले आहे, लोक वाट पाहत आहेत, एवढ्या एका गोष्टीने मी पुढे चालत राहिलो. बुधला माचीजवळ अंधुक उजेडात एक मुलगा घसरला आणि त्याचे मनगट मोडले. मनगटावर निभावले. त्याच्या आईने मला एक शब्द विचारला नाही, हे मला आजवर विसरता आलेले नाही.

त्या रात्री मला हेच उमगले की, माथ्याकडे जाणाऱ्या माणसाच्या पाठीवर सेट आणि बॅटरी यांच्याखेरीज आणखी एक ओझे असते, आणि ते आम्ही घरी बसलेले लोक ठेवतो. माथ्यावर त्याला चार उत्तरे लवकर मिळाली तर तो लवकर उठेल, गारठण्याआधी उतरू लागेल. एवढी मदत आमच्या हाती आहे. पण तो आलाच नाही, तर "शब्द पाळला नाही" म्हणावयाचा अधिकार आम्हांस कोणी दिला?

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ई-मेलने चार ओळी लिहिल्या. बेत मोडल्याबद्दल विचारले नाही. सुखरूप आहात ना, एवढेच विचारले. दोन दिवसांनी उत्तर आले. स्रोन रीआखच्या सोंडेवर वाऱ्याने उभे राहू देईना, म्हणून माथा तासाभरावर असता ते परतले. वाट पाहावयास लावली याबद्दल त्यांनी क्षमा मागितली होती. एका सत्तर वर्षांच्या माणसाने, न चुकता, माझी क्षमा मागावी, याची मला शरम वाटली.

पुढल्या वर्षी जून महिन्यात ते त्याच वाटेने पुन्हा गेले. या खेपेस मी वर्दीची वेळ वहीत लिहिली नाही. सहज म्हणून सेट लावला. सात वाजून दहा मिनिटांनी खरखरीच्या तळातून त्यांची कॉलसाइन निघाली, पाठोपाठ डोंगराचा क्रमांक. मी तीनदा हाक दिली. जर्मनी आणि स्पेन येथील दांडगे आवाज माझ्यावरून गेले. माझी हाक त्यांना पोहोचली नाही. त्यांनी एकामागून एक उत्तरे घेतली, मी बोटे मोजत होतो. एक, दोन, तीन. चौथे उत्तर झाले, आणखी दोन झाली, मग त्यांनी केंद्र बंद करीत असल्याची खूण दिली. मी वहीत तारीख, वेळ लिहिली, आणि शेरा लिहिला: ऐकले. खाली पान वाढले असल्याची हाक आली, तसा उठलो.