ऑक्टेनचा आकडा आणि इंजिनाचे बळ



पेट्रोलपंपावर साधे पेट्रोल मिळते आणि शेजारीच जास्त किमतीचे, जास्त ऑक्टेनचे पेट्रोलही मिळते. गाईला सरकी-पेंड घातली की दूध वाढते, तसे महाग पेट्रोल घातले की गाडीचे बळ वाढते, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. हा समज कितपत खरा आहे, एवढेच आज आम्ही पाहणार आहोत.

प्रथम इंजिनाच्या पोटात काय घडते ते पाहू. दट्ट्या वर चढतो तेव्हा हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दाबले जाते. मग ठिणगी पडते, ज्योत पसरत जाते आणि तापलेल्या वायूच्या रेट्याने दट्ट्या खाली लोटला जातो. निकोलाउस ओटो यांनी जर्मनीत १८७६ साली चालवून दाखविलेल्या इंजिनाचे तत्त्व हेच. मिश्रण जितके अधिक दाबावे, तितके त्याच इंधनातून काम अधिक निघते. मग वाटेल तितके का दाबू नये? तर वायू दाबला की तापतो. सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड गरम लागते, ते यामुळेच. मिश्रण फार तापले की ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यात उरलेला भाग आपोआप, एकदम पेट घेतो. माणसांनी भरलेली गाडी वरच्या गिअरात खंबाटकीचा घाट चढू लागली की कधी कधी टकटक ऐकू येते, ती हीच. मेकॅनिक तिला नॉकिंग म्हणतात. ती फार दिवस चालू राहिली तर दट्ट्याचा माथा पोखरला जातो.

ही टकटक मोजायची कशी? ग्रॅहॅम एडगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी १९२६ साली त्यासाठी दोन द्रव निवडले. आयसो-ऑक्टेन दाबाला सहजासहजी दाद देत नाही. त्याला १०० गुण. हेप्टेन चटकन भडकते, त्याला शून्य. परीक्षेच्या इंजिनात एखादे पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतके टिकले, की त्याचा ऑक्टेन-आकडा ९१. म्हणजे हा आकडा बळाचा नव्हे, सहनशीलतेचा आहे. ९५ च्या पेट्रोलात ९१ पेक्षा अधिक उष्णता साठविलेली असते, असे मुळीच नाही.

मग या सहनशीलतेचा उपयोग कोणाला? जो तिची मागणी करतो त्याला. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात लढलेल्या स्पिटफायर विमानांना ८७ ऐवजी १०० ऑक्टेनचे इंधन मिळाले. त्यांच्या मर्लिन इंजिनात हवा कोंबणारा पंप होता. नव्या इंधनामुळे त्याचा दाब दर चौरस इंचास सव्वासहा पौंडांवरून बारा पौंडांपर्यंत चढविता आला आणि बळ वाढले. दाब तसाच ठेवून नुसते इंधन बदलले असते, तर हाती फारसे काही लागले नसते. आपल्या गाडीचेही तसेच आहे. तिच्या पुस्तिकेत ९१ लिहिले असेल, तर त्याहून वरच्या पेट्रोलावर खर्चिलेले पैसे बहुधा वाया जातात. पण ९५ लिहिले असेल आणि आपण ९१ घातले, तर टकटक टाळण्यासाठी आजच्या गाडीची यंत्रणा ठिणगी उशिरा पाडते. मग बळही घटते आणि मायलेजही.

येथवरची गोष्ट आपल्या खिशाची झाली. परंतु या आकड्याची किंमत केवळ पैशांत मोजली गेलेली नाही. डिसेंबर १९२१ मध्ये टॉमस मिजली यांना जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत असे आढळले की, शिशाचे एक संयुग चिमूटभर मिसळले तरी टकटक थांबते. मद्यार्क मिसळूनही ती थांबते, हे त्यांना ठाऊक होते. पण शिसे स्वस्त होते आणि त्याचे पेटंट घेता येत होते. १९२४ साली न्यू जर्सीच्या एका कारखान्यात हे संयुग तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तरीही ते पेट्रोल जगभर गेले आणि कित्येक पिढ्यांतील मुलांच्या रक्तात शिसे उतरले. मुलांच्या बुद्धीची वाढ त्याने खुंटते. भारताने ते २००० साली बंद केले. जगातून ते हद्दपार व्हायला २०२१ साल उजाडले.

आज ऑक्टेन वाढविण्याकरिता आपण पुन्हा मद्यार्काकडेच वळलो आहोत. आपल्या साखर कारखान्यांतून निघणाऱ्या इथेनॉलचा आकडा १०८ च्या आसपास आहे. मात्र लिटरमागे त्यातली ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच आहे. शेकडा वीस इथेनॉल मिसळले की लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी उतरते. अधिक दाबाचे नवे इंजिन वाढलेल्या ऑक्टेनचा लाभ घेऊन ही तूट काही अंशी भरून काढील. जुन्या, कमी दाबाच्या गाडीला तो आकडा वापरताच येत नाही. तिच्या वाट्याला तूट तेवढी येते. शिवाय ऊस पाणी किती पितो, हे दुष्काळी भागातल्या श्रोत्यांना आम्ही सांगायला नको. शिशापेक्षा इथेनॉल शतपटीने बरे, यात शंका नाही. पण याही हिशेबाच्या दोन्ही बाजू मांडल्या गेल्या पाहिजेत.

तेव्हा, श्रोतेहो, पंपावर मोठा आकडा दिसला की दोन प्रश्न विचारावेत. आमच्या इंजिनाने हा मागितला आहे काय? आणि याची किंमत आमच्याखेरीज आणखी कोण मोजतो आहे? पहिल्याचे उत्तर गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. दुसऱ्याचे मात्र नागरिक या नात्याने आपणा सर्वांनाच शोधावे लागेल.